डेटाबेसमध्ये करिअर करायचंय? आधी एक डेटाबेस उडवा आणि परत उभा करा

"सर, एसक्यूएल येतं मला. आता डीबीए व्हायला कुठला कोर्स लावू?" हा प्रश्न मला वर्षातून दहा-पंधरा वेळा तरी येतो. (एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, आणि डीबीए म्हणजे डेटाबेस सांभाळणारा ॲडमिनिस्ट्रेटर.) विचारणारी मुलं बहुतेक बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा डिप्लोमा झालेली. कुणी सांगलीचं, कुणी नांदेडचं, कुणी पुण्यात कॉट बेसिसवर राहून क्लास करणारं. मी त्यांना उलट एकच विचारतो: "तुमच्याकडचा डेटाबेस आत्ता उडाला, तर परत आणून दाखवाल का?" बहुतेक जण गप्प होतात. त्या गप्प होण्यापासून "हो, अर्ध्या तासात दाखवतो" म्हणण्यापर्यंतचा रस्ता इथे लिहितोय. रोज दीड-दोन तास नेटाने दिले तर सहा-आठ महिन्यांत तो चालून होतो.

पायरी १ : एकच डेटाबेस धरा

ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, मोंगो अशी यादी बायोडेटात लिहायची घाई करू नका. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवण्याच्या पद्धतीचा, शोधनिबंध लिहिला. पहिल्या चारपैकी कुठलाही डेटाबेस घ्या, पाया त्याच विचारावर उभा आहे. एकात हात बसला की दुसरा शिकायला काही आठवडे लागतात. पाचांची तोंडओळख करून मात्र एकही धड येत नाही.

मी नवख्यांना पोस्टग्रेस सुचवतो. बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ ला सुरू झालेला हा प्रकल्प आज पूर्ण मोफत आहे, कुठली गोष्ट 'महागड्या आवृत्तीतच मिळेल' अशी कुलूपबंद नाही, आणि त्याची मूळ कागदपत्रं इतकी नीट लिहिलेली आहेत की क्लासच्या नोट्सची गरज पडत नाही. तुमच्या ओळखीतून बँकेच्या किंवा विम्याच्या प्रोजेक्टवर जायची शक्यता असेल तर ओरॅकल धरा. डॉट नेटवाल्या कंपनीत संधी दिसत असेल तर एसक्यूएल सर्व्हर. त्याची डेव्हलपर आवृत्ती शिकायला फुकट मिळते.

८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. फक्त डेटाबेस लिनक्सवर बसवा, कारण पोस्टग्रेस आणि ओरॅकलची बरीचशी प्रॉड (प्रत्यक्ष वापरातली) मशीन्स लिनक्सवरच भेटतात. डिस्कवर किती जागा उरली हे बघणं, लॉग फाइल उघडून शेवटच्या पन्नास ओळी वाचणं, सर्व्हिस बंद-चालू करणं एवढं तरी बोटांवर असू द्या. मला रात्री-अपरात्री आलेल्या फोनांपैकी कितीतरी शेवटी 'डिस्क फुल' एवढ्यावरच येऊन थांबले आहेत.

पायरी २ : गावच्या डेअरीत अर्धा तास उभे राहा

पुस्तकातल्या 'एम्प्लॉयी-डिपार्टमेंट'च्या टेबलांवर शिकलेलं डोक्यात राहत नाही, कारण त्यांत काही बिनसतच नाही. त्याऐवजी आपल्याकडचं दूध संकलन केंद्र घ्या. मी आजवर जितक्यांना शिकवलं, त्यांना याहून चांगला सराव मला देता आलेला नाही.

सकाळी सहाला जा. सभासद कॅन घेऊन येतो, दूध मोजलं जातं, नमुना मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दिसतं, दरपत्रकातून भाव निघतो, पावती येते. संध्याकाळी पुन्हा तेच. दर दहा दिवसांनी बिल, आणि त्यातून पशुखाद्याची नाहीतर ॲडव्हान्सची कपात. सोपं दिसतं. आता टेबलं काढायला बसा: सभासद, संकलन, दरपत्रक, कपात, बिल.

बहुतेक जण संकलनाच्या टेबलावर नियम लावतात: एक सभासद, एक तारीख, एक सत्र, की एकच नोंद. दुसऱ्याच दिवशी एक मावशी गायीचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळ्या कॅनमध्ये घेऊन येतात आणि नियम कोसळतो. मग 'जनावर' हा रकाना त्या नियमात घ्यावा लागतो.

दराचंही तसंच. मुलं सभासदाच्या पावतीत दर साठवत नाहीत, 'दरपत्रकात आहेच की' म्हणतात. पण संघाने महिन्याच्या मधेच दर बदलला आणि तुम्ही जुन्या ओळीवर नवा आकडा लिहिलात, तर मागच्या सगळ्या पावत्यांचे पैसे एका क्षणात बदलतात. म्हणून दरपत्रकाच्या प्रत्येक ओळीला 'कधीपासून लागू' ही तारीख हवी, आणि पावतीवर त्या वेळी लावलेला दर कायमचा कोरलेला हवा. तिसरी गोष्ट, वीज गेली की नोंद वहीत होते आणि मशीनवर दुपारी चढते. म्हणजे दूध घातल्याची वेळ आणि नोंद केल्याची वेळ हे दोन वेगळे रकाने झाले. या तिन्ही गोष्टी काट्याजवळ उभं राहिल्यावरच सुचतात. डेटाबेसची रचना करणं म्हणजे मुळात माणसांचं काम नीट बघणं, हे मला स्वतःला फार उशिरा उमगलं.

पैसे आणि लिटर साठवताना फ्लोट (आकडा अंदाजे ठेवणारा प्रकार) वापरू नका, न्यूमेरिक (नेमका ठेवणारा) वापरा. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. पावतीवर पैशाचा फरक पडला तर सभासद तुम्हाला विचारणारच, आणि त्याने विचारलंच पाहिजे.

नावं मराठीत साठवा. आपल्या भाषेसाठी हे मनापासून सांगतो, कारण इथे अनेक सॉफ्टवेअरं अजूनही अडखळतात. 'क्षितिज' हे नाव घ्या. वाचायला तीन अक्षरं, पण युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) हिशेबाने क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज अशी सात चिन्हं, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट म्हणजे एकवीस बाइट. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. तिथे वीसचा रकाना ठेवलात तर हे छोटंसं नाव बसत नाही. लांबी चिन्हांत मोज असं वेगळं सांगावं लागतं. पोस्टग्रेस चिन्हं मोजतो, त्यामुळे तिथे बसतं. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' या नावाने वर्षानुवर्षं तीन बाइटपर्यंतचीच चिन्हं मावत आली. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही. म्हणून 'एमबी-४'वाला प्रकार निवडायचा. आणि 'ॲ' हे अक्षर: कुणी एकाच चिन्हाने टाइप करतं, कुणी अ आणि चंद्र जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र ते वेगळे. मग 'ॲड. पाटील' शोधलं की सापडत नाहीत. नोंद आत घेतानाच एकच रूप करून घेणं हा यावरचा उपाय.

पायरी ३ : बेरीज हाताने ताडून बघा

सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय, सबक्वेरी आणि विंडो फंक्शन हे सगळं याच डेटावर शिका. 'या दहा दिवसांत कुणाचं फॅट अचानक घसरलं?' असा प्रश्न घेतला की मागच्या ओळीशी तुलना करणारं लॅग फंक्शन आपोआप समजतं.

एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. दहा दिवसांचं बिल काढायला संकलन आणि कपात ही दोन्ही टेबलं सभासदाला एकाच जॉइनमध्ये जोडतात. सभासदाच्या दहा दिवसांत वीस नोंदी, २०० लिटर दूध. कपाती दोन: एक पशुखाद्याची, एक ॲडव्हान्सची. जोडल्यावर प्रत्येक संकलनाची ओळ दोन्ही कपातींबरोबर येते, वीसच्या चाळीस ओळी होतात, आणि बेरीज येते ४०० लिटर. कपात तर वीसपट. क्वेरी चुकत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, आकडा तेवढा खोटा. उपाय असा: दोन्हींची बेरीज आधी स्वतंत्र करून घ्यायची, मग जोडायची.

आजकाल एआयला सांगितलं की क्वेरी लिहून मिळते, आणि मीही ती मदत घेतो. पण नेमकी ही चूक त्यातही येऊ शकते. म्हणून एका सभासदाचं बिल कागदावर, कॅल्क्युलेटरने काढा आणि मगच क्वेरीवर विश्वास ठेवा. ही सवय लागली तर नोकरीत तुमच्या रिपोर्टला वजन येतं.

पायरी ४ : दहा लाख ओळी भरा

दोनशे सभासद, दोन सत्रं, ३६५ दिवस, म्हणजे वर्षाला १ लाख ४६ हजार नोंदी. सात वर्षांचा डेटा तयार केलात की दहा लाखांच्या पुढे जाता. पोस्टग्रेसमध्ये जनरेट सिरीज नावाचं फंक्शन आहे, त्याने हे काही मिनिटांत भरता येतं. आता एका सभासदाचे दहा दिवस मागा आणि क्वेरीच्या आधी एक्स्प्लेन ॲनालाइझ (डेटाबेसने क्वेरी कशी चालवली ते दाखवणारी आज्ञा) लावा.

जे छापून येतं ते पहिल्यांदा बघून घाबरायला होतं. घाबरू नका, आतल्या ओळीपासून बाहेर वाचत या. इंडेक्स नसेल तर 'सीक्वेन्शियल स्कॅन' दिसेल: वीस ओळींसाठी अख्खं टेबल चाळलं. मग सभासद आणि तारीख या क्रमाने इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधयादी) बनवा, पुन्हा चालवा, दोन्ही वेळा वहीत लिहून ठेवा. अंदाजे किती ओळी येतील असं डेटाबेसला वाटलं होतं आणि खरंच किती आल्या, या दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर त्याच्याकडची आकडेवारी जुनी झाली आहे. ती ताजी करणं हे पुष्कळदा संथ क्वेरीचं पहिलं औषध ठरतं.

इंडेक्समधला क्रम का महत्त्वाचा, हे जुनी टेलिफोन डिरेक्टरी आठवली की कळतं. आडनावाने लावलेल्या यादीत 'जाधव विजय' पटकन सापडतो. सगळे 'विजय' शोधायचे तर पहिल्या पानापासून बसावं लागतं. तसंच, 'तारखेतून महिना काढ आणि तो ३ आहे का बघ' असं लिहिलंत तर तारखेचा साधा इंडेक्स कामी येत नाही. '१ मार्चपासून १ एप्रिलच्या आतपर्यंत' असं लिहा, येतो. पण म्हणून सगळ्याच रकान्यांवर इंडेक्स टाकत सुटू नका. सकाळच्या रांगेतल्या प्रत्येक नोंदीला तेवढे इंडेक्सही लिहावे लागतात.

इथेच दोन खिडक्या उघडून लॉकचाही प्रयोग करा. एकीत एका सभासदाची ओळ बदला, कमिट (बदल पक्का) करू नका. दुसरीत तीच ओळ बदलायला जा. ती अडकून राहील. कोण कुणाला अडवतंय हे शोधायची क्वेरी तेव्हाच शिकून घ्या, पी-वन (सगळ्यात तातडीच्या तक्रारीचं) तिकीट आल्यावर शिकायला वेळ मिळत नाही.

पायरी ५ : उडवा आणि परत आणा

लेखातली सगळ्यात मोलाची पायरी ही. बाकी काही राहिलं तरी चालेल, ही सोडू नका.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका पतसंस्थेचं काम बघत होतो. एका खातेदाराचा व्याजदर दुरुस्त करायचा होता. अपडेट दोन ओळींत लिहिलं होतं, कुठली नोंद बदलायची ते सांगणारं व्हेअर दुसऱ्या ओळीवर. त्या टूलमध्ये माउसने जेवढं निवडलेलं असेल तेवढंच चालतं. माझी निवड पहिल्या ओळीवरच थांबली होती. '१ ओळ बदलली' असं यायच्या ऐवजी अकरा हजारांवर आकडा आला, आणि माझे हातपाय गार पडले. रात्रीचा बॅकअप होता. पण तो दुसऱ्या मशीनवर कधीच कुणी उतरवून बघितला नव्हता, आणि त्या मशीनवर तेवढी जागाच नव्हती. काउंटर दुपारी चारला सुरू झाला. पासबुक हातात घेऊन ताटकळलेली माणसं मी काचेतून बघत होतो. तेव्हापासून प्रॉडवर बिगिन (पुढचे बदल लगेच पक्के होऊ न देणारी आज्ञा) लिहिल्याशिवाय माझं अपडेट सुरू होत नाही: आधी त्याच व्हेअरने सिलेक्ट, मग बिगिन, मग अपडेट, आलेला आकडा मोठ्याने वाचायचा, मगच कमिट, नाहीतर रोलबॅक म्हणजे बदल मागे.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेलं होतं. रोजचा डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) कामी आला नाही, कारण सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, तो दर वेळी नापास होत होता. नापास झाल्याचे ईमेल जायचे, तेही समोरून नाकारले जात होते. शेवटी एकाने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) उपयोगी पडला. त्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तेवढ्याच कॉमेंट आणि ७०० च्या आसपास खाती परत आली नाहीत. कंपनीने हे सगळं झाकून न ठेवता सविस्तर जाहीर केलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तो अहवाल मिळवून वाचाच.

आता तुमचा सराव. पहिल्या आठवड्यात पोस्टग्रेसच्या पीजी-डंप प्रोग्रॅमने डेअरीचा डंप घ्या, दुसऱ्या मशीनवर किंवा दुसऱ्या नावाने उतरवा, आणि दोन्हीकडच्या ओळींची संख्या आणि एकूण लिटर जुळतात का ते बघा. घड्याळ लावा. दुसऱ्या आठवड्यात वेळेनुसार मागे जाणं शिका: दहा वाजता पूर्ण बेस बॅकअप घ्या, बदलांच्या लॉगचं आर्काइव्हिंग (वेगळ्या जागी जपणं) चालू ठेवा, तासभर नोंदी टाकत राहा, अकरा वाजता संकलनाचं टेबल ड्रॉप करा. आणि डेटाबेस दहा एकोणसाठला नेऊन उभा करा. पहिल्या दोन-तीन वेळा जमत नाही. जमेल तेव्हा पायऱ्या स्वतःच्या शब्दांत लिहून काढा, आणि महिन्याने तो कागद समोर ठेवून जसंच्या तसं करून बघा. कागदात कुठे काय सुटलंय ते तेव्हा कळतं.

सोबत दोन प्रश्न विचारायची सवय लावा: किती मिनिटांचा डेटा गेला तर चालेल, आणि किती वेळ बंद राहिलं तर चालेल? इंटरव्ह्यूत यांना आरपीओ आणि आरटीओ म्हणतात. डेअरीच्या सचिवांना विचारलंत तर ते एका वाक्यात सांगतील: "सकाळचं संकलन गेलं तर मला लोक सोडतील का?"

पायरी ६ : नोकरी कुठली, आणि तिथे कसं पोहोचायचं

डीबीए या एका शब्दाखाली बरीच कामं येतात. सर्व्हर, बॅकअप, पॅचिंग (दुरुस्तीचे अपडेट बसवणं) सांभाळणारा. स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्रॅम) आणि क्वेरी लिहिणारा. इकडचा डेटा तिकडे नेणाऱ्या पाइपलाइन बांधणारा डेटा इंजिनिअर. वरच्या पाच पायऱ्या तिन्हींना लागतात. क्लाउड आल्यापासून 'डीबीएची गरज संपली' असं ऐकू येतं. ॲमेझॉनने आरडीएस ही क्लाउडवरची डेटाबेस सेवा २००९ मध्ये आणली तेव्हापासून बॅकअपचं बटण आणि पॅचिंग त्यांच्याकडे गेलं हे खरं. पण बेरीज दुप्पट येणं, चुकीचा इंडेक्स, व्हेअर विसरणं, कुणाला कुठला अधिकार द्यायचा हे आपल्याकडेच राहिलं. वर महिन्याच्या क्लाउड बिलाचीही जबाबदारी आली.

पहिली नोकरी बहुधा एल-वन (पहिल्या पातळीच्या) सपोर्टची, शिफ्टमधली मिळते: अलर्ट बघायचे, तिकीट घ्यायचं, ठरलेल्या कागदाप्रमाणे कृती करायची. हिंजवडी, खराडीत असंच काम पुष्कळ आहे. कमीपणा मानू नका, पण दोन वर्षांच्या वर रेंगाळूही नका. प्रत्येक तिकीट बंद करताना 'हे का झालं' याच्या चार ओळी स्वतःसाठी लिहा. एल-टूच्या इंटरव्ह्यूत त्याच बोलतात.

कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सीडॅक या सरकारी संस्थेच्या पीजी-डॅक डिप्लोमासारखा पूर्ण वेळ अभ्यासक्रम एकूण पाया आणि प्लेसमेंटसाठी चांगला, पण डेटाबेस हा त्यातला एक विषय असतो. प्रमाणपत्र हातात काम आल्यावर करा. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असाल तर त्यांची डीपी-३०० परीक्षा, ओरॅकलवर असाल तर त्यांचं प्रोफेशनल. ॲमेझॉनने त्यांची डेटाबेसची खास परीक्षा २०२४ मध्ये बंदच केली, तेव्हा कर्ज काढून प्रमाणपत्रांच्या मागे धावू नका.

इंटरव्ह्यूत 'क्वेरी अचानक संथ झाली, काय कराल?' हे विचारतातच. लगेच 'इंडेक्स टाकीन' म्हणू नका. कधीपासून संथ आहे, एकाच माणसाला की सगळ्यांना, काल काही बदल गेला का, लॉक आहे का, मग प्लॅन: या क्रमाने बोला. डेअरीचा प्रकल्प गिटवर ठेवा, आणि त्यात टेबलांच्या चित्राआधी रिस्टोअरचा तुमचा कागद ठेवा, लागलेल्या मिनिटांसकट. दीडशे अर्जांत असा कागद मला क्वचितच दिसतो.

कामावर रुजू झालात की प्रॉडचा डेटा लॅपटॉपवर उतरवून सराव करायचा मोह होईल. करू नका. त्यात लोकांचे मोबाइल नंबर, आधार, खात्यांतले पैसे असतात, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आता आहे. सुरुवातीला फक्त वाचायचा अधिकार असलेलं लॉगिन मागून घ्या. दोन-तीन आठवड्यांनी, सगळ्यांशी ओळख झाल्यावर, सिनिअरना चहाच्या वेळी विचारा: "शेवटचं रिस्टोअर आपण कधी करून बघितलं होतं?" तारीख आठवत नसेल तर म्हणा, "मी टेस्ट मशीनवर करून बघू का, तुम्ही सांगाल त्या शनिवारी?"